दाजींचं बेट

मद्रास मेल दौंडला थांबली की उतारू चहाकडं धावायचे आणि आमचे दाजी खिडक्यांकडं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दौंड स्टेशनात पार्सल बाबू होते. मेलमधून उतरलेल्या टोपल्या, पेट्या, कोंबड्यांचे डालगे मोजून घ्यायचं त्यांचं काम. ते काम हमालांवर सोपवून ते तिसऱ्या वर्गाच्या डब्यांशी उभे राहायचे आणि खिडकीत जो कोणी बसला असेल त्याला विचारायचे, "किधर से आया? मदुरा? अच्छा. उधर कुवे का पानी कितना नीचे?" ओळख नाही, पाळख नाही. समोरचा झोपेतून उठलेला माणूस घाबरून जायचा. एका म्हाताऱ्यानं तर उत्तर देण्याऐवजी कनवटीचं तिकीट काढून दाखवलं. दाजींनी ते नीट उलटसुलट बघितलं, परत दिलं आणि पुन्हा विचारलं, "हां, ठीक है. लेकिन कुवा?"

मिळालेली उत्तरं घेऊन ते घरी यायचे. रेल्वेच्या चाळीतलं दोन खोल्यांचं घर. ताई भांडी घासत असायची, मुलं तिच्या अवतीभवती.

"आज एक मास्तर भेटला," दाजी सांगायचे. "त्यांच्याकडं केळीच्या पानावर जेवत्यात आन् पान गाईला घालत्यात. म्हंजी भांडी घासायचा प्रश्नच न्हाई."

"मग मला तिकडंच नेऊन सोडा," ताई म्हणायची.

मी तेव्हा शिरूरला मिशनच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. आमचं माहेरघर तिथल्याच मिशनच्या आवारात. सुट्टी लागली की न्हावऱ्यावरून जाणारी एस.टी. पकडून मी दौंडला ताईकडं जायची. दाजींची ही चौकशी बघून मी एकदा शाळेतलं भूगोलाचं पुस्तक त्यांच्यासाठी नेलं. त्यांनी ते दोन दिवस वाचलं आणि साभार परत केलं.

"चांगलं हाय," म्हणाले. "पर ह्याला उलटं विचारता येत न्हाई. हे सांगतं तेवढंच सांगतं."

बेटाचं खूळ त्यांच्या डोक्यात कसं शिरलं हे मला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी मी तिथंच होते. दक्षिणेकडून आलेली एक टोपली हमालाच्या हातून सुटून फुटली आणि फलाटावर शंखच शंख झाले. दाजींनी ते सगळे गोळा करून पुन्हा भरले, टोपली सुतळीनं शिवली. पण त्या दिवसापासून मेलच्या खिडक्यांतले प्रश्न बदलले. विहिरी गेल्या, समुद्र आला. तो रात्री झोपतो का? त्याच्या आवाजानं लहान पोरं दचकतात का? त्याच्या काठाला गवत उगवतं का? आणि एक दिवस कुणीतरी त्यांना सांगितलं की रामेश्वर हे गाव बेटावर आहे, आणि त्या बेटावर चक्क रेल्वे जाते, समुद्रावरच्या पुलावरून.

दाजी भर दुपारी ऑफिस सोडून घरी आले. त्यांच्या अंगाला विड्याच्या पानांचा वास येत होता.

"बेटावर रेल्वे जाती," ते दारातूनच म्हणाले. "आन् रेल्वेचा पास माझ्याकडं हाय."

ताईनं पोळपाट बाजूला ठेवला. "आपल्याला काय करायचंय बेटाशी?"

"मी खुटबावचा," दाजी म्हणाले. "ल्हानपणी शेतात उभं राहून बघायचो. कुठंबी बघा, जमीनच. पुढं गेलं तरी जमीन, त्याच्या पुढं गेलं तरी जमीन. ती कुठंतरी संपती म्हणत्यात. कशी संपती, ते पोरांना दाखवायचंय."

पोरं तीन. थोरला योना, मधली मार्था आणि धाकटी रूथ, जी अजून बोबडं बोलायची. तिघं बापाकडं बघत उभी होती आणि ताईला कळलं की आता हे काही तिच्या हातात राहिलेलं नाही. तरी ती म्हणाली, "एक जरी पोर पाण्यात गेलं, तर मी तुमच्या घरात पाय ठेवणार नाही." ती हे गमतीत म्हणत नव्हती. शिरूरला आमच्या डोळ्यांदेखत शेजारचा एक मुलगा घोडनदीच्या पुरात गेला होता. तेव्हापासून ती नदीच्या काठाला कधी उभी राहिली नव्हती.

तयारी वर्षभर चालली. दुसरा कोणी असता तर पास लिहून घेऊन गाडीत बसला असता. दाजींना आधी सगळं करून बघायचं होतं. तिकडं भाकरी मिळत नाही असं कळल्यावर दर शनिवारी घरात नुसता भात आणि चिंचेचं पाणी. योना दोन घास खाऊन उठायचा आणि शेजारी जाऊन भाकरी खाऊन यायचा. दाजींना ते माहीत होतं. ते शेजाऱ्यांना विचारून यायचे, किती खाल्ली म्हणून, आणि त्यावरून अंदाज बांधायचे की बेटावर पोरगं किती दिवस टिकेल. पुलावर वारा जोरात असतो हे ऐकल्यावर त्यांनी तिन्ही पोरांना बाजेवर बसवलं आणि दोन हमालांकरवी बाज हलवली. रूथला ते इतकं आवडलं की पुढं कितीतरी दिवस ती दिसेल त्या हमालाला "पूल कल, पूल कल" म्हणायची.

दिवाळीच्या सुट्टीत सगळे शिरूरला आले, तेव्हा दाजींनी मुलांना आणि मला इनामगावच्या बाजूला घोडनदीवर नेलं. ताई आली नाही. नदी उतरली होती आणि पात्राच्या मधोमध वाळूचा एक उंचवटा वर आला होता, भोवती घोटाभर पाणी. दाजींनी धोतराचा काचा मारला, रूथला खांद्यावर घेतलं आणि आम्ही त्या उंचवट्यावर गेलो.

"आता चाला," ते मुलांना म्हणाले. "पानी डाव्या हाताला ठिवा आन् चालत ऱ्हावा."

मुलं चालली आणि थोड्याच वेळात पुन्हा आमच्यापाशी आली. योना गोंधळून आपल्याच पावलांच्या खुणांकडं बघायला लागला.

"हेच बेट," दाजी म्हणाले. "कितीबी चाला, मानूस हितंच येतो."

काठावर एक शेतकरी बैल पाजत होता. तो बराच वेळ आमच्याकडं बघत होता. शेवटी त्यानं हाक मारली, "ओ पाव्हनं, काय हरवलंय का?"

"न्हाई, पोरांना बेट दाखवतुय."

"कुठं हाय बेट?"

"ह्याच्यावर तर हुबा हाय."

त्यानं नीट बघितलं. "हे व्हय! ह्याला आमी वाळूचा ढीग म्हंतो," असं म्हणून तो बैल घेऊन निघून गेला. दाजींना त्याचा राग आला नाही. उलट परतताना ते विचारात पडले होते, की ढीग कधीपर्यंत ढीग असतो आणि बेट कुठून सुरू होतं. मला विचारलं.

खरी अडचण पुढं आली, आणि ती आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. दाजी ज्याला त्याला "रामेश्वरला चाललोय" म्हणून सांगत होते, आणि ऐकणारे ते आपापल्या परीनं ऐकत होते. चाळीतल्या बायका ताईला म्हणायला लागल्या, "बरं झालं बाई, यात्रा घडती." बाजारातला वाणी दाजींच्या पाया पडला. ख्रिस्ती माणूस देवदर्शनाला निघाला ही बातमी आठवड्याभरात सगळ्या दौंडभर झाली आणि शिरूरला आमच्या वडिलांपर्यंतही पोचली.

त्यातच एका सकाळी कोंडामावशी आली. गावाबाहेरच्या मळ्यात राहणारी ही म्हातारी ताईकडं दूध द्यायची. मार्था रोज संध्याकाळी चरवी घेऊन तिच्याकडं जायची. आज मावशी स्वतः आली होती आणि तिच्या पदराखाली काहीतरी होतं. तिनं ते खाली ठेवलं. तांब्याचा छोटा गडू, तोंड कथलाच्या डागानं झाळून बंद केलेलं.

"आमच्या मालकांनी काशीहून आनला व्हता," ती म्हणाली. "गंगंचं पानी हाय. ते रामेसराला घालायचं असतंय, तवा जत्रा पुरी हुती. पुढच्या साली जाऊ म्हनत व्हते, आन् त्याच साली गेले. तवापासनं देव्हाऱ्यात हाय. मला कोन नेनार, दाजी?"

"मावशी, आमी ख्रिस्ती मान्सं," दाजी म्हणाले. "आमी देवाला न्हाई चाललो. बेट बघाया चाललोय."

"मंग बेटावरच हाय की देव," मावशी म्हणाली.

दाजींनी गडू उचलला, कानाशी नेऊन हलवला. आत पाणी वाजलं. "इतकी वर्सं झाली, पानी नासलं नसंल?"

"गंगा नासती व्हय?"

"उघडून बघितलंय कवा?"

मावशीच्या तोंडावरचा रंग उडाला. "न्हाई हो! उघडायचं न्हाई. तिथंच उघडायचं."

दाजी गडूकडं बघत राहिले. कुठलीही टोपली हुंगल्याशिवाय पुढं न धाडणारा हा माणूस. मग म्हणाले, "बरं. तिथंच उघडू."

दुसऱ्या दिवशी चर्चचे पाळकसाहेब आले. शांत, अभ्यासू गृहस्थ. आरडाओरडा करणारे नव्हते. ताईनं चहा ठेवला. कपाट नव्हतंच, त्यामुळं गडू समोरच फळीवर होता.

"हे खरं का?" त्यांनी विचारलं. "मूर्तीवर घालायचं पाणी तुम्ही घेऊन जाणार?"

"मी पार्सल बाबू हाय, साहेब. ज्याचं पार्सल त्याला पोचवायचं. आत काय हाय ते आपलं न्हाई."

"ही रेल्वेची पावती फाडलेली नाही. हा विश्वासाचा प्रश्न आहे. मंडळीतली तरुण मुलं तुमच्याकडं बघतात."

"ती म्हातारी बी बघती," दाजी म्हणाले.

पाळकसाहेबांनी चहा संपवला. जाताना दारात थांबून म्हणाले, "देवाचं न ऐकता समुद्रावर पळालेल्या योनाचं नाव मुलाला ठेवलंत, तेव्हाच मला कळायला हवं होतं." हे ते हसून म्हणाले, पण पुढचं हसून नव्हतं. मंडळीच्या पंचांपुढं विषय जाईल आणि प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून घ्यायची ती पवित्र भाकरी, बंद होऊ शकेल, एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

त्या रात्री ताई रडली. आमच्या घराण्यात प्रभुभोजन बंद होणं म्हणजे सगळ्या मंडळीसमोर मान खाली जाणं. वडिलांनी शिरूरहून निरोप पाठवला होता की गडू परत करा आणि जायचंच असेल तर महाबळेश्वरला जा. ताईनं दाजींना विनवलं, "पाणी परत द्या, बाकी तुम्ही म्हणाल तिथं येते." दाजी म्हणाले, "तू जाऊन दे. तिला काय सांगायचं ते तूच सांग." ताई सकाळी गडू घेऊन मळ्याकडं निघाली. वाटेत कोंडामावशी आंघोळ करून, धुवट लुगडं नेसून, स्टेशनाकडं तोंड करून हात जोडून उभी असलेली तिला दिसली. ताई गडू पदराखाली झाकून तशीच परत आली आणि फळीवर ठेवून कामाला लागली.

मे महिन्यात आम्ही निघालो. मुलांना सांभाळायला म्हणून मी. मद्रासपर्यंत दाजी बोलत होते. आता ते स्वतःच खिडकीत होते आणि स्टेशनास्टेशनांवर फलाटावरच्या माणसांना विचारत होते. मद्रासला गाडी बदलली. दुसऱ्या दिवशी कधीतरी झाडं खुरटी झाली, वाळू दिसायला लागली, हवा चिकट झाली, आणि गाडीचा वेग एकदम कमी होऊन ती माणसाच्या चालीनं पुलावर चढली.

दोन्ही बाजूंना पाणी. खाली पाणी. कठडा दिसत नव्हता, रूळ दिसत नव्हते, नुसतं हिरवं-निळं पाणी आणि वाऱ्याची शिट्टी. ताईनं डोळे मिटून रूथला आवळून धरलं होतं. मार्थानं विचारलं, "पप्पा, हे सगळं कुणाचं?" मी दाजींकडं बघितलं. खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून ते बसले होते आणि तोंड थोडं उघडं होतं. पूल संपेपर्यंत त्यांनी कुणालाही काही विचारलं नाही.

बेटावर एका कोळ्याच्या घरी जागा मिळाली. माणसं ख्रिस्तीच निघाली. भिंतीवर क्रूस होता, पण भाषेचा एक शब्द कळत नव्हता. दाजी आणि तो कोळी रात्री अंगणात बसून हातवाऱ्यांनी बोलायचे आणि काय कळायचं कोण जाणे, दोघंही खूष असायचे. योनाला भात आवडला. शनिवारच्या सगळ्या उपासाचं चीज झालं, असं दाजी म्हणाले.

पण मला आठवते ती ताई. पहिल्या दिवशी ती वाळूत लांब बसून राहिली. तिसऱ्या दिवशी मुलांच्या मागं ओरडत ओरडत पाण्याच्या कडेला आली. एक लाट तिच्या पायांखालची वाळू ओढून घेऊन गेली आणि ती किंचाळली. मग हसली. मग पुढं गेली, गुडघाभर पाण्यात, पदर खोचून, आणि लाट आली की उडी मारायला लागली. आम्ही जेवायला हाका मारल्या तरी बाहेर येईना. दाजी काठावर तिच्या चपला हातात घेऊन उभे होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ताई इतकी जोरात हसते हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

देवळाकडं आम्ही शेवटच्या दिवशी गेलो. दाजी पायरीपाशी थांबले. आत जायचं नाही हे त्यांनी ठरवलंच होतं आणि जाऊही दिलं नसतं. कुणाला कसं समजावून सांगावं याची ते जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात एका वयस्कर पुजाऱ्यानं मागून विचारलं, "कोणत्या गावचे आपण?"

अस्सल मराठीत! दाजी उडालेच. त्या देवळात पिढ्यान्पिढ्या मराठी पुजारी आहेत हे मेलमधल्या एकाही प्रवाशानं त्यांना सांगितलं नव्हतं. दाजींनी गडू पुढं केला आणि सगळं खरं सांगितलं. आपण कोण, पाणी कुणाचं, हेही सांगितलं की आपण हे फक्त पोचवायला आलो आहोत.

पुजाऱ्यांनी गडू हातात घेतला. "ठेवा तुमचा धर्म तुमच्यापाशी. पाणी मी घालतो. संकल्प कोणाच्या नावानं सोडायचा? गोत्र माहीत नसलं तर कश्यप म्हणू. नाव सांगा."

दाजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. कोंडामावशी "आमचे मालक" म्हणायची. नवऱ्याचं नाव ती कशाला घेईल? आणि दाजींनी, ज्यांनी वर्षभर उभ्या मुलुखाला प्रश्न विचारले होते, त्यांनी हा एक विचारला नव्हता. त्यांनी ताईकडं बघितलं, ताईनं माझ्याकडं. एवढ्या लांब आणलेलं पाणी.

"मला येतं," मार्था म्हणाली.

"काय येतं?"

"मावशीचा उखाणा. मी रोज मागं लागायची, म्हणून एकदा म्हणून दाखवला. कुणाला सांगू नको म्हणाली होती." आणि तिथं, देवळाच्या दारात, हात मागं बांधून, रविवारच्या शाळेत वचन म्हणावं तसं ती घडाघडा म्हणाली:

"भीमेच्या डोहाला दगडी घाट,
गणपतरावांची बघते वाट."

पुजारी मोठ्यानं हसले. मग उपरण्यानं डोळे पुसले. "गणपतराव," म्हणाले, आणि गडू घेऊन आत गेले. त्याआधी त्यांनी तिथंच एका तांबटाकडून गडूची झाळ काढून घेतली. दाजी वाकून बघायला पुढं झाले, आणि मग आपणच चार पावलं मागं सरकून हात पाठीशी धरून उभे राहिले. पाणी कसं निघालं ते पुजाऱ्यांनी बाहेर आल्यावर सांगितलं. स्वच्छ होतं.

दौंडला पोचल्यावर अंगावरची धूळ न झाडता दाजी मळ्यात गेले. मी बरोबर होते. मावशीनं रिकामा गडू घेतला, कपाळाला लावला. देव कसा होता, देऊळ केवढं होतं, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "नाव घेतलं का त्येंचं?"

"घेतलं," दाजी म्हणाले. "मार्थानं सांगितलं."

मावशीनं पदर तोंडावर ओढला. ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. दाजींनाही कळलं नसावं, पण त्यांनी विचारलं नाही.

पंचांपुढं त्यांना उभं केलं. मूर्तीला नमस्कार केला का? नाही. पाणी घातलं का? नाही, दिलं. केल्याचा पश्चात्ताप होतो का? यावर दाजींनी इतका वेळ विचार केला की पंचांना वाटलं, आता कबूल होणार. ते म्हणाले, "एका गोष्टीचा होतो. बेटाला पुरती चक्कर न्हाई मारता आली. पोरं दमली." कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्यानं गोष्ट आणखी बिघडली. वर्ष संपेपर्यंत दाजींचं प्रभुभोजन बंद ठेवायचं ठरलं. पाळकसाहेबांनी निकाल वाचला तेव्हा त्यांचा आवाज नीट नव्हता, हे मी सांगितलं पाहिजे.

त्यानंतरच्या पहिल्याच प्रभुभोजनाच्या रविवारी मी दौंडला होते. चर्चमध्ये बायका डाव्या बाजूला बसायच्या, पुरुष उजव्या. बंदी असलेल्यानं सगळ्यात मागच्या बाकावर बसायचं. दाजी तिथं एकटे बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून, पाहुण्यासारखे इकडंतिकडं बघत. गीत झालं, प्रार्थना झाली. भाकरीचं तबक बायकांच्या रांगांतून फिरत आमच्यापर्यंत आलं.

ताईनं तबक हातात घेतलं. क्षणभर धरलं आणि काही न घेता माझ्याकडं दिलं. मग मांडीवरची रूथ उचलून माझ्या मांडीवर ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उठली. सगळं चर्च बघत होतं. मधल्या वाटेनं चालत ती मागं गेली, पुरुषांच्या बाजूला वळली आणि शेवटच्या बाकापाशी थांबली.

दाजी सरकले. ताई त्यांच्या शेजारी बसली आणि समोर बघायला लागली. पाळकसाहेब वेदीपाशी तसेच उभे राहिले होते. मग त्यांनी गीताचा क्रमांक सांगितला, आणि मागच्या बाकावरून सगळ्यात आधी ताईचा आवाज आला.